घोट्याची पकड

मोतीराम शिंगाडे हे नाव तुमच्या कानावरून गेलेलं असायचं काही कारण नाही. छत्रपती संभाजीनगरात त्याला ओळखणारे फार तर शे-दोनशे लोक असतील, आणि त्यातले निम्मे त्याला वाळूजच्या कारखान्यातला प्रेसवरचा कामगार म्हणून ओळखतात. उरलेल्यांना तो आपल्या भागात ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळणाऱ्या पहिल्या माणसांपैकी एक म्हणून ठाऊक आहे. मी त्याला या दोन्हीच्या आधीपासून ओळखतो. मी शाळेत खेळाचा मास्तर होतो आणि सुट्टीच्या दिवशी कबड्डीचा पंच. उभी हयात रेषेवर उभं राहून लोकांचे पाय बघण्यात गेली. माणसाचं तोंड खोटं बोलेल, पाय बोलणार नाहीत, असं मी पोरांना ठासून सांगायचो.

मोतीरामचं घराणं धनगरांचं, वेरूळच्या डोंगरपायथ्याचं. वडील आप्पा, आई म्हाळसाबाई. दिवाळी झाली की ही माणसं मेंढरं घेऊन घराबाहेर पडायची ती पेरण्यांच्या सुमाराला परतायची. चार-पाच कुटुंबं, त्यांची घोडी, कुत्री, कोंबड्या आणि मेंढरं असा तो फिरता मुक्काम. त्याला ती मंडळी वाडा म्हणतात. त्याला भिंत नसते, दार नसतं, आज या शेतात तर उद्या त्या. मोतीराम अशाच एका मुक्कामावर गंगापूरकडं कुणाच्या तरी रानात जन्मला. कुणाच्या ते म्हाळसाबाईंना आता आठवत नाही, आणि आठवून करायचं काय, असं त्या विचारतात.

मेंढरू पकडायची एक रीत असते. लोकरीला हात घालायचा नाही, कातडं दुखतं. मानेला धरलं तर ते उसळून निसटतं. मागचा पाय, खुराच्या वर, तिथं एकदाच हात पडला पाहिजे. आप्पा हे बसल्या जागेवरून करायचे. कळप समोरून चालला आहे, आप्पा बिडी ओढताहेत, आणि हवं ते मेंढरू कधी त्यांच्या हातात आलं ते बघणाऱ्याला कळायचं नाही. मोतीरामला चालता यायला लागल्यापासून त्यानं हेच पाहिलं आणि हेच केलं. इतर पोरं हातात पाटी धरायच्या वयात त्याच्या हाताला मेंढराचा पाय ठाऊक झाला होता.

पुढं चराईची रानं आटत गेली. जिथं मेंढरं चरायची तिथं कारखान्यांची पत्र्याची छपरं उभी राहिली. आप्पा वारले त्या वर्षी मेंढरं विकली आणि मायलेक बजाजनगरात दोन खोल्यांत राहायला आले. म्हाळसाबाई पहिलं वर्षभर छताखाली झोपल्याच नाहीत, गच्चीवर झोपल्या. मोतीराम ठेकेदाराकडं लागला. दुचाकीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात पत्रा आत सरकवायचा, दाब पडला की बाहेर काढायचा, हे काम. हात आत राहिला तर हात गेला. त्याचा कधी राहिला नाही.

बजाजनगरच्या कबड्डी मंडळात तो आला तेव्हा एकोणीस वर्षांचा असेल. मी त्याला उजव्या कोपऱ्यावर उभं केलं आणि पहिल्याच चढाईला त्यानं गड्याचा घोटा असा उचलला की तो तोंडावर पडला. मी विचारलं, कुठं शिकलास. तो म्हणाला, मेंढरात. सगळे हसले, तोही हसला. पण दोन-तीन वर्षांत जिल्ह्यातले चढाईबहाद्दर त्याच्या कोपऱ्याकडं फिरकेनासे झाले. मी पुष्कळ कोपरे पाहिले, पण घोट्याची तशी पकड नाही पाहिली. मोतीराम माझा आवडता खेळाडू होता हे आत्ताच सांगून टाकतो.

मग कबड्डी बदलली. मातीची मॅट झाली, पायात बूट आले, वजनकाटा आला, दूरदर्शनवरच्या सामन्यांसाठी अठरा-अठरा वर्षांची पोरं निवडली जाऊ लागली. मोतीराम अठ्ठावीस-एकोणतिशीचा झाला होता. लग्न झालं होतं, पोरगी झाली होती. त्याला कुणी काढलं नाही, बोलावणं मात्र बंद झालं. आपल्याकडं खेळाडू असाच निवृत्त होतो.

त्याच सुमाराला सोमनाथ नावाचा एक पोरगा मेलबर्नला शिकून परत आला आणि येताना हा ऑस्ट्रेलियन फुटबॉल घेऊन आला. बजाजनगरमागच्या पडीक मैदानावर त्यानं आठ बांबू रोवले, चार या टोकाला आणि चार त्या. चेंडू पाहिला आणि मला हसूच आलं. दोन्हीकडून निमुळता, पपईसारखा. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथं अंगण सरळ आणि चेंडूच वाकडा. जमिनीवर पडला की कुठं उडेल ते त्याला बनवणाऱ्यालाही सांगता यायचं नाही. लाथ मारायची, मुठीनं ठोसून साथीदाराकडं द्यायचा, लांबून आलेला उंच झेलला तर सगळ्यांनी बाजूला व्हायचं आणि झेलणाऱ्याला निवांत मारू द्यायचा. मधल्या दोन बांबूंतून गेला तर सहा गुण, कडेच्या फटीतून गेला तर एक. नेम चुकला तरी गुण देणारा खेळ मी तोवर पाहिला नव्हता. सोमनाथनं मला गोडीगुलाबीनं बांबूंजवळ उभं केलं आणि हातात दोन पांढरे झेंडे दिले. सहा गुण झाले की दोन्ही हलवायचे. म्हातारपणी झेंडे हलवायची वेळ आली, असं मी घरी जाऊन बायकोला सांगितलं.

मोतीराम मात्र या खेळात असा शिरला की जणू त्याच्यासाठीच कुणी तो करून ठेवला होता. त्याची उडी उंच होती आणि वेड्यावाकड्या उडणाऱ्या चेंडूचं त्याला काही वाटत नसे. मेंढरू तरी कुठं सरळ पळतं, असं त्याचं म्हणणं. नऊ-नऊ गड्यांचे सामने व्हायचे. पुण्याला, कोल्हापूरला, एकदा थेट कोलकात्याला तो खेळून आला. सुट्टी मिळेना तेव्हा दोन पाळ्या लागोपाठ करायचा. त्याची बायको दीपमाला सुरुवातीला चिडायची, मग एकदा सामना बघायला आली. गर्दीतून नवरा वर उठला आणि चार जणांच्या डोक्यावरून त्यानं चेंडू काढला, ते पाहिल्यावर तिनं चिडणं सोडलं.

एकच गोष्ट त्याला छळायची. या खेळात गुडघ्याच्या खाली धरायचं नाही. खांदा ते गुडघा, तेवढंच अंग धरायला मोकळं. पायाला हात लागला की गुन्हा, आणि समोरच्याला फुकट मारायला मिळतं. म्हणजे ज्या एका गोष्टीत मोतीरामचा हात कुणी धरू शकत नव्हतं, तीच इथं मना होती. सुरुवातीला तो दर सामन्यात तीन-चार वेळा घोटा धरायचा. सोमनाथ डोक्याला हात लावायचा. मोतीराम माफी मागायचा आणि पुन्हा धरायचा. मग त्यानं स्वतःच उपाय काढला. सरावाला तो हात पाठीशी बांधून पळायचा, नुसत्या खांद्यानं आणि छातीनं अडवायला शिकला. वर्ष गेलं, पण शिकला. नंतरच्या दोन वर्षांत मी त्याला घोटा धरताना पाहिलं नाही.

याच काळात सत्यम पुढं आला. शहरातल्या एका कॉलेजच्या संघात खेळायचा, विशीतला, हरणासारखा पळणारा. वेरूळच्या अलीकडं त्याच्या बापाची, बद्रीनाथ यांची शेती. आलं, ऊस, गोठ्यात म्हशी, गावात शब्दाला मान. सत्यम मोतीरामला भाऊ म्हणायचा आणि झेल कसा घ्यायचा ते त्याच्याकडून शिकायचा. मोतीरामही हातचं न राखता शिकवायचा. एकदा दोघं मिळून क्रांती चौकात रसवंतीवर बसलेले मला दिसले. टेबलावरच्या पाण्याच्या थेंबांनी मोतीराम त्याला मैदान काढून दाखवत होता.

मग बातमी आली की मेलबर्नला देशोदेशीच्या संघांची स्पर्धा आहे, आपला संघ जाणार आहे, आणि आपल्या शहरातून बहुधा एकालाच घेतील. एक म्हणजे मोतीराम नाही तर सत्यम. निवड करणारी मंडळी मे महिन्यातला राज्याचा अंतिम सामना बघायला येणार होती. बजाजनगर विरुद्ध कॉलेज. मोतीराम तेव्हा बत्तिशीला टेकला होता. पुढची स्पर्धा तीन वर्षांनी. सत्यमला पुढं किती तरी वर्षं होती, मोतीरामला हेच एक होतं. तो तसं बोलला नाही, पण त्यानं पासपोर्ट काढून घेतला आणि म्हाळसाबाईंनी तो देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी ठेवला.

त्या दिवशीच्या उन्हाबद्दल काही सांगत नाही, मे महिन्यातलं आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. सामना अटीतटीचा झाला. शेवटची काही मिनिटं राहिली होती आणि बजाजनगर तीन गुणांनी पुढं होतं. चेंडू मधोमध पडला, वाकडा उडाला आणि मोतीरामच्या अंगावरून निघून गेला. सत्यमनं तो पळता पळता उचलला आणि माझ्या बांबूंच्या दिशेनं सुटला. मध्ये कुणी नव्हतं. मोतीराम वळला, चार ढांगा पळाला, आणि गाठता येत नाही असं दिसल्यावर त्यानं सूर मारला. उजवा हात पुढं गेला आणि सत्यमच्या घोट्यावर पडला.

पकड पक्की होती. सत्यमचं अंग पुढं गेलं आणि पाय मागंच राहिला. हाड मोडल्याचा आवाज मला बांबूंपर्यंत ऐकू आला. सत्यम ओरडला नाही, नुसता पायाकडं बघत राहिला. मोतीराम तसाच पालथा पडून होता आणि हात अजून सोडलेला नव्हता. सोमनाथनं येऊन तो सोडवला.

सत्यमला उचलून नेल्यावर त्याच्या साथीदारानं फुकटची लाथ मारली, चेंडू मधल्या बांबूंतून गेला, आणि मला दोन्ही झेंडे हलवावे लागले. सामना कॉलेजनं जिंकला. कुणीही आनंद केला नाही.

संध्याकाळी निवड करणाऱ्यांनी मला बोलावलं. मी सगळ्यांत जवळ होतो आणि माझी पंचगिरी त्यांना माहीत होती. त्यांनी विचारलं, हे जाणूनबुजून झालं का. तसं असेल तर निवड तर सोडाच, या माणसाला मैदानावरच पाय ठेवू देणार नव्हते. मी सांगितलं, जित्याची खोड आहे. हा माणूस जन्मापासून मेंढराचा पाय धरत आला, दहा वर्षं कबड्डीत घोटा धरत आला. दमलेल्या अंगाला जुनं ते आठवलं. यात कपट नाही. माझ्या शब्दाची खात्री त्यांना पटली. मलाही पटलेलीच होती.

तिसऱ्या दिवशी मोतीराम, म्हाळसाबाई आणि मी बद्रीनाथांच्या घरी गेलो. सत्यमच्या घोट्यात स्टीलची पट्टी बसवली होती, तीन महिने पाय टेकायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सत्यमची आई आवडाबाई यांनी आम्हाला पाणी दिलं आणि आत गेल्या. बोलणं मीच सुरू केलं. अपघात आहे, पोराच्या मनात काही नव्हतं, मी पंच म्हणून सांगतो, वगैरे. मोतीराम खाली बघत होता. तो मध्येच म्हणाला की सत्यम उभा राहीपर्यंत त्याच्या वाट्याचं काम मी करतो. बद्रीनाथ कोरडे हसले.

“अपघात ना? मंग तुमचं देणं काय लागतं? जा, आपल्या कामाला लागा.”

आम्ही परत आलो. मला तो माणूस आढ्यताखोर वाटला. मोतीरामची पाळी दुसरी होती, दुपारी तीनला सुरू होणारी. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी तो एकटाच मोटारसायकलवर पुन्हा तिकडं गेला. त्या दिवशी बद्रीनाथांनी त्याला खोरं दिलं आणि गोठ्यात नेलं. रात्रीतून या माणसाचं मन कसं पालटलं, मला कोडं पडलं. फुकटचा गडी मिळतोय हे उशिरा ध्यानात आलं असेल, असा मी अर्थ लावला.

आठवड्यानं यादी लागली. सत्यम जायबंदी झाल्यामुळं जागा मोतीरामला मिळाली होती. जूनमध्ये कोलकात्याला सराव शिबीर, जुलैअखेर मेलबर्न. सोमनाथ पेढे घेऊन बजाजनगरला आला. मोतीरामनं पेढा घेतला, देवापुढं ठेवला आणि म्हणाला, मी जाणार नाही.

त्या दोन खोल्यांत त्यानंतर जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण भांडायला समोरून कुणी उत्तर तर द्यायला हवं. सोमनाथनं समजावलं, दीपमाला रडली. तिची पोरगी ज्ञानेश्वरी शाळेत सगळ्यांना सांगून बसली होती की माझे पप्पा विमानात बसणार. मी रागावलो, चार शब्द जास्तच बोललो. त्या जमीनदाराच्या म्हशीचं शेण काढायला तू देशाचा खेळ सोडतोस का, असं म्हणालो. शेवटी मी म्हाळसाबाईंकडं वळलो, म्हटलं तुम्ही तरी सांगा. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या.

“सर, आमच्यात एक हाय,” त्या म्हणाल्या. “धरताना दुसऱ्याचं जनावर लंगडं झालं, तर ते उभं राहिल्याबिगर वाडा हलत नाय. चारा संपला तरी नाय. माझा नवरा एकदा एका मेंढीपायी महिना थांबला व्हता. पोराला मी थांब म्हणत नाय. जा बी म्हणत नाय.”

तिथून निघालो. मी बद्रीनाथांकडं गेलो. म्हटलं, तुम्ही एक शब्द टाका, त्याला मोकळं करा. ते बांधावर उभे होते, आल्याला पाणी चाललं होतं. पाण्यावरची नजर न काढता ते म्हणाले की मी त्याला बांधून ठेवलेलं नाही. तो येतो, मी काम सांगतो. मी त्यांना तोंडावर सांगितलं की तुम्ही गरिबाच्या भिडेचा फायदा घेताय. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि पाण्याची दारं बदलायला निघून गेले. त्या दिवसापासून मी त्या घरचं पाणी सोडलं. गावातही लोक बोलतच होते की बद्रीनाथनं मेंढक्याला वेठीला धरलंय.

संघ गेला. शहरातून कुणीच गेलं नाही. मोतीराम सकाळी म्हशींचं शेणपाणी, आल्यातली खुरपणी, उसाला पाणी, आणि दुपारी तीनला प्रेसवर. अंगानं उतरला. सत्यम ओसरीवर खाटेवर बसून फोनवर सामने बघायचा आणि हाका मारायचा, भाऊ या, बघा. मोतीराम जायचा, उभ्या उभ्या बघायचा आणि परत कामाला लागायचा. आपला संघ सगळे सामने हरला, काही तर शंभरावर गुणांनी. तू असतास तर नव्वदनं हरले असते, असं मी त्याला म्हणालो. त्याला थोडं बरं वाटावं म्हणून म्हणालो. तो हसला नाही.

ऑगस्ट सरता सरता सत्यम उभा राहिला. काठी टेकत अंगण ओलांडून गोठ्यापर्यंत आला. बद्रीनाथांनी मोतीरामच्या हातातलं खोरं घेतलं आणि म्हणाले, झालं, जा आता. तो मोकळा झाला, पण जायचं ते ठिकाण महिन्यामागंच निघून गेलं होतं. संघातली पोरं निळे सदरे घालून आपापल्या गावी परतलेलीसुद्धा होती.

पुढं मोतीराम आणखी चार वर्षं खेळला. चांगला खेळला, पण निवडीच्या सामन्यांना त्यानं नाव दिलं नाही. आता चाळिशी ओलांडली आहे, रविवारी मुलींचा संघ शिकवतो आणि मी अजून झेंडे हलवतो. सत्यमचा पाय बरा झाला तरी पळताना थोडा तिरका पडायचा, म्हणून त्यानं खेळ सोडला आणि शेती बघायला लागला. मोतीरामचं त्या घरी जाणं कधी थांबलं नाही. आल्याची काढणी असो, म्हैस व्यायची असो, तो हजर. मला याचा राग येत राहिला. ज्यानं आपलं आयुष्य अडवलं त्याच्याच दारात माणूस एवढी वर्षं का जातो, हे मला समजत नव्हतं.

बद्रीनाथ मागच्या हिवाळ्यात गेले. दहाव्याला सत्यमबरोबर मोतीरामनंही डोक्यावरचे केस उतरवले. लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. तेराव्याला मी गेलो तो सत्यमच्या शब्दाखातर. पंगतीला वेळ होता. मी आणि मोतीराम गोठ्यामागच्या आंब्याखाली बसलो होतो. त्याचं ते तुळतुळीत डोकं बघून माझं तोंड सुटलं. मी म्हणालो की मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, पण या माणसानं तुला तीन महिने वेठीला धरलं आणि तुझी उमर वाया घालवली. देव त्याला क्षमा करो, मी नाही करणार.

“नका म्हणू सर,” मोतीराम म्हणाला. “काकांना नका म्हणू.”

मग त्यानं सांगितलं. त्याचा आवाज चढला नाही, उतरला नाही. आम्ही तिघं जाऊन आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटा गेला, तेव्हा बद्रीनाथ गोठ्यात धार काढत होते. तो त्यांच्यापुढं उभा राहिला आणि म्हणाला, काका, अपघात नव्हता.

“सत्यमचा पाय दिसला तवाच कळलं, हा सत्यमचा हाय. धरायचा नसतो, हे बी कळलं. हा गेला तर मी ऱ्हायलो, ते बी कळलं. हात मागं घ्यायला वेळ व्हता सर. लई नाय, पण व्हता. म्या नाय घेतला.”

 पलीकडं आचारी कढई उतरवत होते.

बद्रीनाथांनी सगळं ऐकून घेतलं, असं तो म्हणाला. धार अर्धीच राहिली. म्हैस पाय झाडायला लागली तरी ते उठले नाहीत. मग म्हणाले की हे पोराला सांगू नको. त्याला तू आवडतोस. पाय बरा होईल, हे बरं व्हायचं नाही. आणि उठून त्यांनी कोपऱ्यातलं खोरं काढून त्याच्या हातात दिलं. यादी लागली तेव्हाही त्यांनीच त्याला बोलावून सांगितलं होतं, जायचं तर जा, माझ्या तोंडून कुणाला शब्द कळायचा नाही. गाव त्यांना नावं ठेवत होतं, मी तोंडावर बोलून आलो होतो. एका वाक्यात ते सगळ्यांची तोंडं बंद करू शकले असते. त्यांनी ते वाक्य शेवटपर्यंत उच्चारलं नाही.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस.

“तुमी माझ्यासाठी शब्द टाकला व्हता,” तो म्हणाला. “तुमचा शब्द कसा खोटा पाडू?”

मला रडू आलं. मेलेल्या माणसासाठी आलं की माझ्यासाठी, सांगता येणार नाही. ज्या घरचं पाणी मी सोडलं होतं त्या घरच्या आंब्याखाली मी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत बसलो आणि मोतीराम माझ्याकडं न बघता समोरच्या गव्हाकडं बघत राहिला.

तेवढ्यात सत्यम गोठ्याला वळसा घालून आमच्याकडं आला. पाऊल किंचित तिरकं पडत होतं. त्यानं मला रडताना पाहिलं, त्याला वाटलं असेल बापासाठीच, आणि त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग मोतीरामला म्हणाला, “भाऊ, चला. पानं मांडलीत. आता घरचे म्हणून वाढायला तुमी अन् मीच.”

मोतीराम उठला, हात धुतले आणि त्याच्यामागं वाढायला गेला.